शिंपल्याच्या कुड्या

अकोला,
ता. २८ ऑगस्ट १९५६

ती. वहिनीस प्रयागचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

मायना लिहितानाच लेखणी अडली बघा. जगदेवभाऊला जाऊन दोन वर्षं होत आली, तरी तुमच्या नावामागे गं. भा. लिहायला माझा हात वळत नाही. सौ. लिहायचं सुख तर त्याच्याबरोबरच गेलं. म्हणून नुसतं वहिनी. तेवढं नातं तरी त्या मेल्या तापाला नेता आलं नाही.

आम्ही रामेश्वरहून सुखरूप परत आलो. मामंजी परतीच्या गाडीत दिसेल त्याला समुद्र समजावून सांगत होते, जसा काही त्यांनीच ओंजळीने भरला. देवळाजवळच्या गल्लीत शंखशिंपल्यांची दुकानंच दुकानं. तिथून मी कुड्यांचे दोन जोड घेतले. ज्या शिंपल्यात मोती होतो, त्याच्याच आतल्या चकाकत्या थराच्या आहेत. आमच्याकडचे म्हणाले, पांढरं ते पांढरं, त्यात काय निवडायचं. मी म्हटलं, जिनिंगात कापूस पारखताना असंच म्हणता का? मग गप्प बसले. मी एकेक कुडी उन्हात धरून पाहिली. हलवली की आत गुलाबी, हिरवी झाक फिरते, ती चांगली. कडेला पापुद्रे सुटलेल्या आणि फार पातळ होत्या त्या ठेवून दिल्या.

एक जोड गोल, चवलीच्या नाण्याएवढा, कानाच्या पाळीवर बसणारा. पदर डोक्यावर असला तरी अंबाड्याखाली दिसतो. दुसरा लांबट, लोंबता. मान वळवली की हलतो. तुमची मान लांब, काळ्या लुगड्यावर तो शोभेल. दोन्हींना चांदीची दांडी आणि मागे फिरकी आहे. एक जोड तुमचा, एक माझा. आधी तुम्ही निवडा आणि उरलेला मला परत पाठवा. सोनं नाही, रंग नाही, तेव्हा गावात कोणी नाव ठेवणार नाही. ठेवलंच तर त्याला माझ्याकडे अकोल्याला पाठवून द्या.

जपायचं ते असं. तेलपाणी, वेणीफणी आटोपली की सगळ्यात शेवटी घालायच्या आणि काढायच्या सगळ्यात आधी. घाम पुसून जुन्या धोतराच्या मऊ फडक्यात गुंडाळून ठेवायच्या, दागिन्यांच्या डबीत घासू द्यायच्या नाहीत. साबण, रिठा, लिंबू, चिंच काही लावायचं नाही. आंबटाने शिंपला मरतो, असं तिथला दुकानदार सांगत होता.

आता मुख्य. नानाजीदादांनी रिसोडच्या मारोतरावांचं स्थळ आणलं, तुम्ही हो म्हटलं आणि दिवाळीनंतर पाट लागणार, असा मायचा निरोप आला. मला राग नाही. आपल्यात विधवेचा पाट लागतोच आणि तुमचं वय चोवीस. पण त्या निरोपात तुमचा म्हणून एक शब्द नव्हता. वहिनी, तो हो तुमचा आहे की तुमच्या भावाचा? तेवढं मला लिहा.

माय-बाबांना दंडवत. लोभ आहे तो तसाच राहू द्यावा.

तुमची नणंद,
प्रयाग


रिठद,
ता. ९ सप्टेंबर १९५६

चि. सौ. प्रयाग हिस अनेक आशीर्वाद.

पार्सल पोचले. दोन्ही जोड चांगले आहेत. तुला आवडेल तो तू ठेव, उरेल तो मला चालेल.

इकडे पोळा झाला. बाबांनी बैलांची शिंगं रंगवली. यंदा रंग कमी पडला म्हणून एकाची एकच रंगवली. तूर बरी आहे. म्हैस व्याली, वगार झाली. सासूबाईंनी खरवस केला आणि तुझ्या नावाने एक वडी काढून ठेवली होती, ती शेवटी मांजरीने खाल्ली.

कुड्या घालून पाहिल्या, म्हणजे सासूबाईंनी माझ्या कानात घातल्या. माझ्या कानांची भोकं अजून बुजलेली नाहीत. दर आठ-पंधरा दिवसांनी सासूबाई कडुनिंबाची काडी सोलून माझ्या कानात सरकवतात. हे गेले तेव्हा कान रिकामे करणाऱ्या त्याच, आणि काडी घालणाऱ्याही त्याच. काहून, ते मी विचारलं नाही. मला कशाचंच काही विचारावंसं वाटत नाही. कुडीची दांडी काडीहून जाड निघाली, उजव्या कानातून रक्त आलं. सासूबाई घाबरल्या. मला खांद्यावर डाग दिसला तेव्हा कळलं.

तू विचारलंस म्हणून खरं लिहिते. नानाजीदादा आला आणि म्हणाला की मारोतराव बरा माणूस आहे, हो कळवू का. मी हो म्हटलं. नाही कळवू का म्हणाला असता तरी मी हो म्हटलं असतं. गावाला वाटतं ललिता धीराची. धीर वगैरे काही नाही, प्रयाग. एका जागी बसून पाय बधिर होतो, तसं सगळं झालं आहे. पायाला निदान नंतर मुंग्या येतात.

जावईबापूंना नमस्कार. माझ्याकडून पत्राला उशीर झाला तरी तू लिहीत जा.

तुझी वहिनी,
ललिता


अकोला,
ता. १८ सप्टेंबर १९५६

ती. वहिनीस शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुमच्या पत्राला काय म्हणावं! म्हशीच्या वगारीला खरवसासकट चार ओळी आणि स्वतःच्या पाटाला दोन. दोन्ही जोड चांगले म्हणणं म्हणजे दोन्ही नकोत म्हणणं. ते चालायचं नाही. चार दिवस हा घाला, चार दिवस तो घाला, आरशात बघा आणि मला एकाचं नाव कळवा. तोवर माझे कान रिकामेच राहतील आणि माझ्या सासूबाईंची बोलणी मी तुमच्या खात्यावर ऐकीन.

आमच्याकडचे सरकीच्या कामाने रिसोडला गेले होते. मुद्दाम मारोतरावांच्या दुकानावर बसून आले. माणूस सरळ आहे म्हणतात. पहिली बायको बाळंतपणात गेली, दोन लेकरं आहेत. धाकट्या मुलीची वेणी तो स्वतः घालतो, ती वाकडी होते आणि मुलगी तशीच मिरवते. तो वाईट असता तर काम सोपं झालं असतं, मीच मोडता घातला असता.

मनातलं सांगते. तुम्ही जाऊ नये असं मला वाटतं. तुम्ही गेलात की त्या घरात भाऊचं म्हणून काय उरलं? माय-बाबांकडे कोण पाहील? पण हे माझं वाटणं झालं. माझं ऐकून राहिलात काय आणि नानाजीदादांचं ऐकून गेलात काय, सारखंच. तुमचं काय ते कोणालाच ठाऊक नाही, तुम्हालाही नाही, याची मला भीती वाटते. दसऱ्याच्या आधी रिसोडचे पाहुणे येणार आहेत ना? त्या दिवशी कानात तरी तुमच्या मनाचं घाला.

चिडून लिहिलं आहे, मायेने वाचावं.

तुमची,
प्रयाग


रिठद,
ता. १६ ऑक्टोबर १९५६

चि. सौ. प्रयाग हिस अनेक आशीर्वाद.

गोल जोड खराब झाला.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी फडकं सोडलं. पावसाळ्याने चांदीची दांडी काळी पडली होती. त्यांच्या जोडव्यांसारखीच त्यांनी ती साफ करायला घेतली. वाटीत चिंच कोळली आणि त्यात गोल कुड्या टाकून ठेवल्या. सकाळी काढल्या तर दांडी लख्ख आणि शिंपला चुन्यासारखा. गुलाबी गेलं, हिरवं गेलं. बोटाला खरखरीत लागतं. त्यांचा काही दोष नाही. तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं होतं, पण जपण्याचा मजकूर गाळला होता. मला वाटलं, त्यात काय वाचायचं.

वाटी पाहिली आणि मला राग आला. प्रयाग, मी तुला कसं सांगू, किती राग आला! मी सासूबाईंवर ओरडले की ती माझी होती, कायले हात लावला. बाबा ओसरीवरून आत आले. सासूबाई चिंचेच्या हाताने तशाच खाली बसल्या. माझ्याच तोंडून निघालेलं मी ऐकत होते. ती माझी. मला तोवर ठाऊक नव्हतं. लोंबती जोडी समोर होती, धड होती, आणि मला ती नकोच होती.

पाहुणे आले. मारोतरावांची मोठी बहीण रुपाबाई आणि आपला नानाजीदादा. सासूबाईंनी लोंबत्या पुढे केल्या, मी चुन्यासारख्या गोलच घातल्या. रुपाबाईंनी माझा कान पाहिला आणि म्हणाल्या की ह्या फेकून द्या बाई, आमी सोन्याच्या आणल्या. पदराच्या गाठीतून काढून दाखवल्याही. मोठ्या होत्या, चांगल्या होत्या. त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. तरी मी म्हटलं की ह्या राहू द्या. मग नानाजीदादाकडे वळून म्हटलं की दादा, तू नेला तो हो मी परत घेते. तो मी म्हटला, पण तो माझा नव्हता.

दादा न जेवता उठला. चारचौघांत नाक कापलंस, म्हणाला. रुपाबाई मात्र जेवल्या. जाताना मला बाजूला घेऊन बोलल्या की आमी थांबू, पण लेकरं थांबत नाहीत. त्या गेल्यावर मी कुड्या काढून ठेवल्या. पुन्हा सगळं पहिल्यासारखं झालं आहे. पण एकदा राग आला होता, हे मला आठवतं.

तुला दसऱ्याचं सोनं पाकिटात घातलं आहे. आपट्याची पानं सुकली तरी खरीच समज.

तुझी,
ललिता


अकोला,
ता. २५ ऑक्टोबर १९५६

ती. वहिनीस शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून मी स्वयंपाकघरातच बसले. कुड्यांचं मेलं काय एवढं, तुम्ही ओरडलात हे वाचून मला पेढे वाटावेसे वाटले. आमच्याकडचे म्हणतात की वहिनी तुझ्याच आईवर ओरडल्या यात तू काय नाचतेस? त्यांना काय कळणार.

मायला आता बरं वाटलं असेल. तुम्ही जात नाही म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला असेल. ती काय म्हणाली ते लिहा. मीही सुटकेचा निःश्वास टाकला, लपवत नाही.

दिवाळीचे चार जिन्नस पाठवले आहेत. चिवडा मऊ पडला असेल तर दोष टपालाचा. लोभ वाढता ठेवावा.

तुमची,
प्रयाग


रिठद,
ता. ७ नोव्हेंबर १९५६

चि. सौ. प्रयाग हिस अनेक आशीर्वाद.

चिवडा मऊ पडला होता. बाबांनी संपवला.

सासूबाईंना बरं वाटलं नाही. पाहुणे गेल्यापासून त्या माझ्याशी मोजकंच बोलत होत्या. मी समजत होते, चिंचेच्या दिवशी ओरडले म्हणून. नरकचतुर्दशीला त्यांनी मला तेल लावून न्हाऊ घातलं आणि नेहमीसारखी काडी सोलून आणली. मी त्यांचा हात धरला आणि विचारलं की ह्या काड्या तुम्ही कायले घालता? कान तर तुम्हीच रिकामे केले.

त्या सोललेली काडीच पुन्हा सोलू लागल्या. मग म्हणाल्या की रिकामे रीतीनं केले बाई, मनानं नाही. माझा लेक गेला, म्हणून तुले काय मी इथंच पुरून ठेवू? कवा ना कवा तू दुसऱ्या घरी जाशीन. कान बुजले असते तं पुन्हा टोचा लागले असते. दुखलं असतं तुले.

प्रयाग, दोन वर्षं त्या मला पाठवायची तयारी करत होत्या. स्वतःच्या हाताने, न बोलता. आणि मी काहून म्हणून विचारलंसुद्धा नाही. मी न्हाणीच्या दगडावर बसून रडले. हे गेले तेव्हाही अशी रडले नव्हते. सासूबाईही रडल्या. बाबांनी बाहेरून विचारलं की पाणी संपलं का.

लोंबता जोड तुला पाठवत आहे. तू पारखून आणलास तसाच आहे, चिंचेपासून जप. गोल मी ठेवला. मारोतरावांना माझ्या नावाने निरोप दिला आहे की संक्रांतीनंतर मुलीला घेऊन या, वेणी घालू नका, तशीच आणा. मी घालून पाहीन. हो की नाही ते त्यानंतर सांगेन, आणि जे सांगेन ते माझं असेल. तुला वाईट वाटेल हे मला ठाऊक आहे. मलाही वाटतं आहे.

त्या दिवशी सासूबाईंनी काडी टाकून दिली आणि चुन्यासारखी गोल कुडी माझ्या उजव्या कानात घातली. मी आई गं म्हणून ओरडले. चांगले पाच-सहा दिवस झाले, कान अजून ठणकतो आहे.

माझा लोभ इतके दिवस कुठे होता कोण जाणे. आता आहे, तो घ्यावा.

तुझी वहिनी,
ललिता