पहिल्या रांगेतली खुर्ची

रविवार, संध्याकाळी सात

संकेतचं तोंड पुन्हा बघणार नाही. दोन वर्षं आम्ही दोघं मिळून नाशकातल्या एका कॅफेत कॉमेडीचे शो लावतोय, मी कॉलेज अर्धवट सोडलं तेही याच नादात, आणि आज त्याने माझीच खुर्ची दुसऱ्याला दिली.

माझी म्हणजे मुक्ताची. पहिल्या रांगेत, माइकच्या बरोब्बर समोर, माझं निळं जॅकेट टाकून ठेवलेली. दुपारी तिला फोटो पाठवला, "ही तुझी." सहा महिने एक शब्द न बोललेल्या मुलीचं उत्तर आलं, "बघते." बघते! अजून काय पाहिजे?

पहिली रांग रिकामी सोडायची नाही, हा नियम माझाच. समोर भगदाड असलं की हशा मागेच विरतो. पण एक दिवस माझ्यासाठी मोडला असता तर कॅफे कोसळणार होता का?

"भावा, तिघांचे जोक पडले त्या रिकाम्या खुर्चीपायी," संकेत म्हणाला. "ती काय येत नाही आता." आणि मनमाडहून आलेल्या कुठल्यातरी काकांना आणून बसवलं. काका माझं जॅकेट मांडीवर घेऊन खदाखदा हसत होते. डोक्यात गेला तो माणूस.

मी स्टेजवर असताना मुक्ता दारात आली. तिने खुर्ची बघितली, काकांच्या मांडीवरचं जॅकेट बघितलं आणि वळली.

हाक मारता आली असती. माइक तर हातातच होता.

पण सगळा कॅफे हसत होता, माझ्या जोकवर एवढा पहिल्यांदाच. संकेतला काय शिव्या घालू? मी पुढचा जोक मारला.