खाटेवरच्या बाईचं काम

आई, मी डॉक्टर होणाऱ्या मुलांना इंग्रजी शिकवते, हे तुला शेवटपर्यंत पटलं नाही. भोरच्या स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता तू म्हणायचीस, "एवढी हुशार पोरं, त्यांना इंग्रजी येत न्हाई व्हय? मग तिथं घेतली कशी?" मी सांगायचे, की मराठी शाळांतून आलेल्या मुलांना वाचलेलं कळतं, पण खाटेशेजारी उभं राहून सरांना रुग्णाची माहिती इंग्रजीत सांगायची वेळ आली, की तोंडाला कुलूप लागतं. तू नुसतं हूं म्हणायचीस. मग पुण्याच्या दवाखान्यात तूच खाटेवर होतीस. पोरं भोवती उभी, त्यातला एक तुझ्या पोटाबद्दल इंग्रजीत घडाघडा बोलतोय, आणि तू माझा हात धरून विचारतेस, "माझंच बोलत्यात न्हवं? मग मला कोन सांगनार?" मला तुझा अभिमान वाटला आणि माझ्या पेशाची थोडी लाजही वाटली.

गेल्या महिन्यात वेल्ह्याकडची एक मुलगी बॅग भरूनच माझ्याकडे आली. सरांसमोर तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, बाकीचे हसले होते. "मॅडम, मी घरी चालले. माझ्याच्यानं न्हाई व्हायचं." समजूत घालणं मला कधीच जमलं नाही, तुला माहीत आहे. मी सरळ वर्गातल्या बाकावर आडवी झाले, पदर ओढून घेतला आणि तुझ्यासारखी कण्हले, "पोटात लई दुकतंय गं बाई." ती दचकली, मग हसली, मग जवळ येऊन बसली. "कवाधरनं दुकतंय, मावशी?" सगळं विचारून झाल्यावर म्हटलं, आता समोर सर उभे आहेत असं समज आणि हेच त्यांना इंग्रजीत सांग. अडखळत, क्रियापदं चुकवत तिनं शेवटपर्यंत सांगितलं. मग मी तुझा प्रश्न विचारला, "मला कोन सांगनार?" आणि तिनं मला न घाबरवता मराठीत समजावलं. बॅग उचलून ती गेली ती घरी नाही, परत हॉस्टेलवर.

आता नवा अभ्यासक्रम त्याच क्रमानं बांधतेय. आधी रुग्णाशी त्याच्या बोलीत, मग सरांशी इंग्रजीत, आणि परत रुग्णाशी. खाटेवरच्या रुग्णाचं काम वर्गातल्या कुणीही करावं, असं त्यात लिहिलंय. हे पत्र कुठंच जायचं नाही म्हणून सांगते, मी ते काम कुणाला देत नाही. तुझ्यासारखं बोलणारं घरात आता कुणी उरलं नाही गं. बाकावर पडले, की तेवढा वेळ तुझा आवाज कानावर येतो.