माणच्या विहिरीची तीन रीडिंग

सांगली, मंगळवार, संध्याकाळ

माझे पीएचडीचे गाइड सर आज पुन्हा म्हणाले, "माणच्या विहिरीची ती तीन रीडिंग काढून टाक. रिसर्च पेपर लगेच छापून येईल." पाण्यातलं घातक नायट्रेट ओळखणारा माझा सेन्सर प्रयोगशाळेत बरोबर सांगतो, पण त्या विहिरीच्या गढूळ पाण्यात चुकतो; ती तीन रीडिंग त्याचीच. इतक्या वर्षांच्या कामाला डाग. मग काढू का ती तीन रीडिंग?

माण तालुक्यात, दहिवडीच्या त्या विहिरीवर पाणी भरायला आलेल्या हिराबाईंनी विचारलं होतं, "आवं म्याडम, आमी ह्येच पाणी पितो. तुमचं यंत्र खरं सांगतंय न्हवं?" मी 'हो' म्हणून मान हलवली. त्याचीच लाज वाटतेय.

सरांना आत्ताच कळवलं, रीडिंग राहतील, नाहीतर पेपरवर माझं नाव नको. उद्या दहिवडीला जाऊन हिराबाईंना सांगणार, यंत्र अजून चुकतंय. आणि त्यांच्याच पाण्यावर ते नीट करणार.