जाड तळव्यांचे बूट

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी तुमची ऐट अजून डोळ्यांपुढून हलत नाही. ऐंशीच्या दशकातलं मद्रास. मी नागपूरहून बदलून आलेल्या रेल्वे गार्डची मुलगी, अनवाणी धावणारी. तुम्ही आमच्या कॉलेजचे कोच. तुमच्या मेहुण्याने अमेरिकेहून पाठवलेले जाड फोमचे बूट तुम्ही मला सगळ्या मुलींसमोर दिलेत, तेही आधी फोटोग्राफर बोलावून. "आता टाच आधी टेकायची, ढांगा लांब टाकायच्या. दणका बूट खातो गे, तू नाही," तुम्ही तुमच्या तंजावरी मराठीच्या हेलात सांगत होतात, जणू ते बूट तुम्हीच शोधून काढलेत.

अनवाणी असताना माझं पाऊल चवड्यावर हलकं पडायचं, गुडघा आपोआप वाकायचा. जमीन टोचते म्हणून शरीर स्वतःला सांभाळायचं. त्या बुटांत पायाला काही कळेनासंच झालं. तळव्याला मऊ लागतंय म्हणून मी पाय ताठ ठेवून टाच आपटत राहिले, आणि दणका सरळ नडगीत जाऊ लागला. ती रोज ठणकायला लागली तेव्हा तुम्हाला सांगितलं.

"अय्यो, नाटकं करू नको गे. एवढे भारी बूट घालून दुखतंय म्हणे!"

"सर, एकदा बूट काढून धावून बघू?"

"म्हणजे मी मूर्ख?"

हो सर. तेव्हा बोलले नाही, आता लिहिते. राज्याच्या निवड चाचणीत शेवटच्या वळणावर नडगीच्या हाडाला चीर गेली आणि मी ट्रॅकवरच बसले. तुम्ही धावत आलात, लेस सोडलीत, बूट उचललेत आणि निवड समितीला म्हणालात, "पोरगी नाजूक आहे हो." माझं प्लास्टर निघायच्या आत ते बूट दुसऱ्या मुलीच्या पायांत होते. तुम्ही घरी एकदाही फिरकला नाहीत. मी पुन्हा शर्यतीत उतरले नाही. आता सकाळी बेझंटनगरच्या समुद्रकाठी वाळूवर धावते, कोणाचं न ऐकता.

हे पत्र कुठे टाकणार? पत्ता असता तरी टाकलं नसतं. तुम्ही पहिल्याच ओळीत व्याकरणाची चूक काढली असती. एवढं मात्र कबूल करते. भर उन्हात मैदानाच्या कडेला उभे राहून तुम्ही मला जसं टक लावून पाहायचात, तसं धावताना मला नंतर कोणीच पाहिलं नाही. तुम्हाला दिसत काहीच नव्हतं. पण पाहायचात.