ब्रेक मी बघितले नव्हते

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा एटीव्ही, म्हणजे खडकाळ वाटांवर चालणाऱ्या चार जाड चाकांच्या गाड्या दुरुस्त करण्याचा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे असा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. वाकड्या अक्षराला हसू नये.

कलम १. राहते घर, त्यातील सामान आणि बँकेत असेल नसेल ते माझ्या सुनेला द्यावे. माझा मुलगा अकरा वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून ती माझे सगळे बिनबोभाट करते. ती कुठेही निघून जाऊ शकली असती, कोणी अडवले नसते.

कलम २. मोठा जॅक धाकट्या भावाकडे आहे. दोन दिवसांसाठी म्हणून नेला, त्याला नऊ वर्षे झाली. तो त्याच्याकडेच राहू द्यावा. मात्र मी दिला असे म्हणू नये, त्याने ढापला असे म्हणावे, आणि हे कलम त्याच्यासमोर मोठ्याने वाचावे.

कलम ३. गॅरेज, पान्यांची पेटी आणि बाकी सर्व हत्यारे माझ्या मुलीला द्यावीत. तिला काही शिकवायची गरज नाही. पुढे तिच्या हाताखाली कोणी आलाच तर त्याच्यासाठी लिहितो. इंजिन थोडे गरम करून मगच जुने तेल काढावे, थंड तेल तळाशी चिकटून राहते. नटाखालचा वायसर दरवेळी नवा टाकावा. तेलाची पातळी गाडी सपाट जागी असतानाच बघावी, आणि जास्त ओतले म्हणजे गाडी जास्त सुखी होते असे समजू नये.

ब्रेकचे तेल कमी दिसले, तर बाटलीला हात लावण्याआधी चाक उतरवून पॅड बघावेत. पॅड झिजतात तसे ब्रेकच्या डबीतले तेल खाली जाते. नुसते वरून तेल भरले की डबी भरलेली दिसते, आणि झिजलेले पॅड झाकले जातात. ही गोष्ट मुलीला मीच शिकवली. ती तेव्हा अठरा वर्षांची होती.

आमच्याकडे एक पद्धत होती. ज्याने काम केले त्याने मडगार्डच्या आतून खडूने आपली खूण करायची. माझ्या दोन रेघा, मुलीचे गोल. नुसते तेल वरून भरले तर खूण करायची नाही, कारण ते काही काम नव्हे, असे मीच ठरवले होते.

कलम ४. मुलगा गेला त्या दिवशी सकाळी मुलीने दुरुस्तीला आलेल्या एका गाडीचे इंजिन ऑइल बदलले आणि आपले गोल काढले. मग तिने मला विचारले, "बाबा, ब्रेकचं तेल खाली गेलंय. पॅड बघितले का?"

मी म्हणालो, "बघितले. दे गाडी तुझ्या भावाला, खोळंबलाय तो."

ब्रेक मी बघितले नव्हते. डबीत तेल ओतले आणि झाकण लावले, बस्स. मुलगा गाडी तपासायला खाणीच्या उतारावर घेऊन गेला. खाली पोहोचेपर्यंत ब्रेक राहिले नव्हते.

गाडी वर काढली तेव्हा मडगार्डमध्ये गोल होते. माझ्या बायकोने ते पाहिले आणि मुलीला म्हणाली, "तू मारलंस त्याला." मुलीने माझ्याकडे पाहिले. मी जमिनीकडे बघत राहिलो. त्यानंतर बायकोने तिला घरात घेतले नाही. दोन वर्षांपूर्वी बायको गेली, तेव्हाही मुलगी गेटाबाहेर उभी होती.

एवढे लिहून मी शेजारच्या शिंप्याकडे साक्षीदाराची सही मागितली. त्याने कागद वाचला, चष्मा काढला आणि सही करायला साफ नकार दिला. "मेल्यावर सांगणार होय? मग पोरीनं भांडायचं कुणाशी, तुमच्या फोटोशी?" तो भल्या पहाटेपासून मशीनवर बसलेला माणूस, एरवी दोन शब्द बोलत नाही.

म्हणून काल दुपारी मुलीकडे गेलो. ती एका हॉटेलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करते. मी कलम ४ तिला वाचून दाखवले. तिने इस्त्री थांबवली नाही. वाचून झाल्यावर म्हणाली, "गाडी वर काढली तेव्हापासून मला माहीतच होतं. तुम्ही खोटं बोलताना झाकण जरा जास्तच घट्ट लावता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल असं वाटलं. आई होती तोवर वाट बघितली, बाबा."

मग तिने पुढची चादर घेतली. गॅरेज नको म्हणाली.

सुनेला संध्याकाळी सांगितले. ती तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही. तिचे बरोबर आहे. कलम १ कायम राहील.

कलम ५. गॅरेज मुलीचेच राहील. तिने ते विकावे, कुलूप लावावे, काय हवे ते करावे. मी गेल्यावर सगळ्यांसमोर आधी कलम ४ वाचावे, बाकीचे नंतर.

मुलीने मला माफ करावे असे या कागदात कुठेही लिहिलेले नाही. ते मागायलाच मी काल गेलो होतो. तिने आईचे नाव काढल्यावर मी कागदाची घडी घातली आणि न मागताच परत आलो.

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो खरा आहे, म्हणून सही करतो.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार:
१. शेजारचा शिंपी (सही, या खेपेला न सांगता केली)
२. डॉक्टरीणबाई (सही)

स्थळ: गॅरेजच्या मागची खोली
दिनांक: चौदा मार्च, सकाळी साडेदहा