व्याह्यांना घरातून कसं काढावं?

मखमलाबाद, नाशिक
रविवार, दुपार

तीर्थस्वरूप दाजींच्या चरणी,

रंगनाथचा वाकून नमस्कार. अक्कालाही सांगा, तिच्याही पायाला हात लावला आहे (गुडघा दुखतोय त्या पायाला नाही, दुसऱ्या). इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. शेवंती यंदा बरी फुलली आहे. गोजराआत्याचा आवाज अजून वेशीपर्यंत जातो. सौ.ला सर्दी होऊन एका कानानं कमी ऐकू येतंय, त्यामुळे घरात सुखी अशी तीच एक आहे. तुमचा कांदा चाळीत टिकला का, चांदवडला थंडी पडली का, आणि तुमचा मोतीबिंदू पिकला की अजून कच्चाच आहे, ते कळवा. पिकला नसेल तर देव पावला, कारण हे पत्र तुम्ही स्वतःच वाचायचं आहे. शेजारच्याला बोलावून वाचून घेऊ नका, आणि वाचून झाल्यावर त्याच्या पुड्या बांधू नका.

खिशात फोन असताना हा माणूस पत्र का खरडतोय, असं तुम्हाला वाटेल. दाजी, आमच्या घरात तोंडानं बोलायची सोय राहिलेली नाही. सध्या आम्ही खुणांवर संसार करतोय. परवा मी मीठ मागितलं तर आत्यानं चुना आणून दिला, आणि मी तो मुकाट्यानं परत केला. मळ्यात जाऊन फोन केला असता, पण तिथे फुलं तोडायला ज्या बाया येतात त्यातल्या निम्म्यांची माहेरं सायखेड्याकडची, आणि जे काही सांगायचं आहे ते सायखेड्याबद्दलच आहे. म्हणून कागद.

भाग्यश्रीची सोयरीक तुम्ही जमवून दिलीत, ते उपकार मी विसरलेलो नाही. मुलगा प्रफुल्ल पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत, त्याचे वडील गोटीरामभाऊ सायखेड्याला एकटे, आई मागेच वारलेली. साखरपुडा झाला, लग्न मार्गशीर्षात धरलं, सगळं कसं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात भाग्यश्री सहज बोलून गेली की प्रफुल्ल पुण्याच्या फ्लॅटमध्ये बोटही न लावता पंखा फिरवतो, नुसतं बोलतो आणि पंखा फिरतो. झालं, माझ्या डोक्यात किडा वळवळला. जावई दिवाळसणाला येईल, उठून बटण दाबेल आणि मनात म्हणेल, सासरे अगदीच मागासलेले. मी तडक एम. जी. रोड गाठला आणि एक स्मार्ट होम हब घेऊन आलो. नाव भारदस्त आहे, वस्तू म्हणजे पाटीएवढा पडदा, त्याच्या कपाळावर कॅमेऱ्याचा डोळा आणि पोटात कर्णा. दुकानात महागातलेही होते. पण स्वस्तातला आणि महागातला यांत फरक काय, असं विचारल्यावर दुकानदार म्हणाला की फक्त नावाचा. (खोक्यावर कंपनीचं नाव होतं. ते मलाही वाचता आलं नाही आणि त्यालाही. तिथेच मी मागे फिरायला हवं होतं.)

घरी आल्यावर पहिला गोंधळ घातला आत्यानं. या डब्यातून लहरी निघतात, त्या डोक्यात शिरतात आणि कळ्या उमलत नाहीत, असं तिनं कुठल्याशा कीर्तनात ऐकलं होतं. मी वरवर हसलो, पण दाजी, खरं सांगतो, मलाही धाकधूक होतीच. दिसत नाही ते माणसाला जास्त भिववतं. मग आम्ही तिघांनी मिळून सुरक्षेचा बंदोबस्त केला. आधी डबा झोपायच्या खोलीत होता, तो उशापासून लांब म्हणून थेट बैठकीत आणला आणि दिवाणाला लागून ठेवला. आत्यानं त्याच्या मागे पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद लावला. सौ.नं रुखवतासाठी विणलेला एक रुमाल डब्याच्या तोंडावरून सोडला, म्हणजे लहरी रुमालातच अडकतील. भाग्यश्री कपाळाला हात लावून म्हणाली, की बाबा, तुमच्या कानाला चिकटलेल्या फोनमधून याच्यापेक्षा जास्त लहरी निघतात. काळजी करायची तर त्याच्या पासवर्डची करा आणि कोणाकोणाला आत घेता त्याची करा. पोरीला शिकवलं की ती आपल्यालाच शिकवते, असं म्हणून मी तिला गप्प केलं.

पासवर्डचं तिचं म्हणणं लगेच खरं ठरलं. खोक्यावर छापून आलेला पासवर्ड सगळ्या डब्यांना एकच असतो, हे मला काय ठाऊक? माझं बघून गल्लीतल्या जयरामनंही (आपला चुलतभाऊ, माझं बघितल्याशिवाय तो दाढीही करत नाही) तसलाच डबा आणला. तो त्याच्या घरात बसून दिवा लाव म्हणाला, की आमच्या न्हाणीघरात उजेड पडायचा, आणि तोही नेमका आत्या आत असताना अंधार कर म्हणायचा. शेवटी भाग्यश्रीनं पासवर्ड बदलला. मला वाटलं, आता घर पक्कं बंद झालं, चिलट आत यायचं नाही.

पण दाराला नवा कोयंडा लावताना मी माणूस आतच ठेवला होता. कसा, ते ऐका. डबा चालू करताना फोनवर प्रश्न आला होता, घरातील सदस्य जोडा. त्याच दिवशी सकाळपासून मी लग्नपत्रिकेतली नावं लावत बसलो होतो. कोणाचं नाव वर, कोणाचं खाली, कोणाच्या मागे श्रीमान, कोण राहिलं तर लग्नात जेवणार नाही, हेच डोक्यात फिरत होतं. त्याच तंद्रीत मी सदस्यही पत्रिकेसारखेच भरले. जयराम घातला, भाऊकीतले सगळे घातले (तुमच्याकडे बटणांचा फोन आहे म्हणून तुम्ही वाचलात), आणि सगळ्यांच्या वर, मानाच्या जागी, श्री. गोटीरामभाऊ. पुढे त्यानं विचारलं, यांना पाहुणा म्हणून घ्यायचं की पूर्ण अधिकार द्यायचे? आता तुम्हीच सांगा, पोरीच्या सासऱ्याला पाहुणा म्हणून मर्यादित अधिकार द्यायचे? उद्या तोंड कुठे दाखवणार? मी पूर्ण अधिकार दिले. गोटीरामभाऊंचा लगेच फोन आला, तुमचं आमंत्रण पोचलं, शेजारच्या पोरानं बोट लावून स्वीकारलं सुद्धा. मी म्हणालो, घर तुमचंच आहे. पूर्ण अधिकार म्हणजे त्या माणसानं सायखेड्यात बसून हवं तेव्हा आमची बैठक ऐकायची, आणि मनात आलं तर बोलायचंही, हे कोणी सांगितलं होतं? कॅमेऱ्यावर रुमाल होता म्हणून दिसायचं तेवढं काही नाही. ऐकू मात्र स्वच्छ जायचं.

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना हात जड होतोय. गोटीरामभाऊंचा रोज सकाळी फोन यायचा. आधी खाकरायचे, मग जेवण झालं का, मग भाजी काय केली, मग ती कशात परतली. मला तो वैताग वाटायचा. संध्याकाळी बाजारातून आलो की मी दिवाणावर मांडी घालायचो आणि घरच्यांना हसवायला त्यांची नक्कल करायचो. तुम्हाला माहीत आहे, मला नकला बऱ्या जमतात. एकदा रंगात येऊन मी बोललो, की घरात बाईमाणूस नाही, त्या घराला कळा नाही, चहाला चव नाही, म्हातारा एकटा राहून भुतासारखा झालाय; पोरगा चांगला निघाला म्हणून, नाहीतर त्या घरात पोरगी दिली असती कोणी? सगळे हसले. आत्या तर ठसका लागेपर्यंत हसली. तेवढ्यात भाग्यश्री धूळ पुसायला गेली, तिनं रुमाल उचलला आणि तशीच उभी राहिली. पडद्याच्या खाली हिरवा ठिपका होता आणि शेजारी लिहिलेलं होतं: गोटीराम आता घरात आहेत.

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. नंतरही नाही. बस्ता कधी बांधायचा, कपड्यांना दोन्हीकडची मंडळी कोणत्या वारी जमवायची, हे तेच कळवणार होते. तेही नाही. भाग्यश्री मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. ती नुसती जेवण वाढते आणि आत जाते. तिचं लग्न माझ्या जिभेनं मोडलं, तर मी कोणाकडे बघून जगायचं? आणि दाजी, नवल सांगतो, सकाळी मी फोन हातात घेऊन बसतो. भाजी काय केली हे विचारणारं मला दुसरं कोणी नव्हतं, हे तो फोन बंद झाल्यावर कळलं. मी वाईट बोललो, आणि ज्याला माघारी उत्तर द्यायला घरात माणूस नाही अशा माणसाबद्दल बोललो, याची मला फार लाज वाटते.

बरं, डबा काढून फेकावा तर तेही जमत नाही. व्याह्यांचं नाव काढायला गेलो, तर आधीच खालून सूचना आली, की त्यांच्या फोनवर असा निरोप जाईल: रंगनाथ यांनी तुम्हाला घरातून काढून टाकले आहे. माझा अंगठा तिथेच थिजला. मग प्लग उपटून टाकू म्हटलं, तर परवा वीज गेली तेव्हा जयराम धावत आला, त्याच्या फोनवर आलं होतं: घराशी संपर्क तुटला आहे. लग्न तोंडावर आलेलं असताना व्याह्यांना असला निरोप? त्या दिवशी वीज येईपर्यंत आम्ही देव पाण्यात ठेवले. म्हणून डबा चालू आणि आम्ही बंद. हिरवा ठिपका रोज संध्याकाळी लागतो. आम्ही पाय न वाजवता फिरतो. फोन करून माफी मागावी, तर पहिलं वाक्य कोणतं बोलायचं तेच सुचत नाही.

असो. ही नुसती इकडची हकिकत, सहज कळवावी म्हणून लिहिली. काम असं काही नाही. अक्काला औषध वेळेवर घ्यायला सांगा.

तुमचा, तोंडानं वाया गेलेला,
रंगनाथ

ता. क. काम आहे. तुम्ही सायखेड्याला जा. कांद्याचं रोप बघायला आलो म्हणा, काहीही म्हणा, पण जा. माझ्या वतीनं त्यांचे पाय धरा. ते जरा निवळले, तर फोन मागून घ्या आणि त्यांनाच त्या यादीतून आपणहून बाहेर पडायला सांगा. स्वतःहून गेलं तर कोणाच्याच फोनवर काही येत नाही. मध्यस्थ तुम्ही आहात, तुमचा शब्द ते मोडणार नाहीत. माझी पोरगी तुमच्या पदरात घातली असं समजा.

ता. क. दुसरा. संध्याकाळी पाकीट चिकटवायच्या आधी सौ. म्हणाली, काय लिहिलंय ते वाचून दाखवा. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून हळूच वाचायला लागलो, तर तिला ऐकू येईना. मोठ्यांदा वाचा, मोठ्यांदा वाचा, असं करत करत मी सबंध पत्र, वरच्या ता. क.सकट, कीर्तनकारासारखं वाचलं. संपल्यावर बैठकीतून खाकरण्याचा आवाज आला.

मग डबा बोलला. ‘रंगनाथभाऊ, दाजींना कशाला तरास देता? मी हाय ना, ऐकलं समदं. राग आला व्हता, खोटं कशाला बोलू. पण मला त्या यादीतून काढू नका. संध्याकाळच्याला मी फोन खाटंवर लावून ठेवतो. तुमच्याकडं भांडी वाजत्यात, आत्या वरडती, पोरगी हसती. काय बोलता ते निम्मं कळतबी नाय. आठ दिस झाले, तुमचं घर लय गप झालंय, करमत नाय. बस्ता गुरुवारी बांधू.’ मी डब्यासमोर हात जोडून उभा होतो. माफ करा म्हणालो, आणि म्हणालो की भाऊ, असलाच एक डबा तुमच्या घरी बसवून देतो, आमच्या नावानं तुम्हीही पोटभर बोला, आम्ही ऐकू. तर हसले. म्हणाले, ‘आमच्याकडं बसवून काय करता? तुम्हाला कायबी ऐकू येणार नाय.’

दाजी, सायखेड्याला जाच, पण आता मुक्कामाला जा. माझं नाव काढायची गरज नाही. आणि अक्काला बरोबर न्या, तिला हळू बोलता येत नाही.