कुंपणातलं खिंडार

३ नोव्हेंबर १९५३
सामान पोचलं. घर छोटं पण कोरडं आहे, चूल छान पेटते. माझी बायको हेस्टर गेल्याला सात महिने झाले. हेरफर्डच्या घरात तिच्याशिवाय राहवेना, म्हणून या गावी आलो. बागेत सफरचंदाची चार झाडं, मागे हॉथॉर्नच्या काटेरी झुडपांचं जुनं कुंपण. त्याला माणूस जाईल एवढं खिंडार पडलंय. मेंढ्या त्यातून येऊन कोबी खातात. हाताला काम मिळालं, बरं वाटलं.

६ नोव्हेंबर
कुंपणं बांधणारे म्हातारे गार्नेट प्रीस आले. म्हणाले, इथे नवं रोप जगणार नाही. कडेची जिवंत फांदी बुंध्याशी अर्धीअधिक कापायची, आडवी वाकवून मातीत दाबायची, ती मुळं धरते. मीही हात लावतो म्हटल्यावर त्यांनी कोयता पाठीमागे लपवला. घरात मरण झालं की वर्षभर त्या घरच्यानं फांदी दाबायची नाही, अशी इथली रीत. ‘तुम्ही चहा करा मास्तर, तेवढं तरी जमेल ना?’

१४ नोव्हेंबर
प्रीसना पाठदुखीनं अंथरुणात पाडलंय, काम अडलं आहे. मेंढ्या रोज येतात. तीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसानं असल्या रीती कुठवर पाळायच्या? पडवीत जुना कोयता सापडला. फांदी वाकवली, खुंटीनं मातीत दाबली. दाबताना तोंडून हेस्टरचं नाव निघालं. का, ते कळलं नाही.

२३ नोव्हेंबर
फांदीला पालवी फुटली आहे. नोव्हेंबरात. सकाळी धुक्यात खिंडारात कुणी पाठमोरं उभं होतं. हेस्टरची मान मी ओळखतो. जवळ गेलो तर नुसत्या फांद्या.

२६ नोव्हेंबर
रोज न्याहारीच्या वेळी येते. आज किंचित वळली, कान दिसला. इस्पितळात मी पोचलो तेव्हा तिचा चेहरा झाकलेला होता. चादर बाजूला करायचा धीर झाला नाही. एकदा दिसू दे, एवढंच.

२८ नोव्हेंबर
प्रीस काठी टेकत आले. पालवी पाहून काठीनं खिंडाराकडे बोट केलं. म्हणाले, खिंडार मेंढ्यांनी नाही, त्यांनीच पाडलं होतं. भाऊ गेला तेव्हा त्यांनीही इथेच फांदी दाबली होती. तोही असाच पाठमोरा दिसू लागला; पूर्ण वळायच्या आत त्यांनी ती मुळासकट उपटली. वळतं ते आपलं माणूस नसतं. त्यांनी कोयता मागितला. मी दिला नाही. ‘पोरांना शहाणपण शिकवलंत ना मास्तर? मग थोडं स्वतःला ठेवायचं होतं!’ फाटक आपटून गेले.

३० नोव्हेंबर
गाल दिसला. तीळ नाही. हेस्टरला तीळ होता — डाव्या गालावर. की उजव्या?

१ डिसेंबर
कुंपण पुढे सरकलंय. सफरचंदाची दोन झाडं आता पलीकडे. कोयता घेऊन गेलो. पहिला घाव बसताच ती रडली. हेस्टर रडायची तशीच, आवाज दाबून. दुसरा घाव घालवेना.

२ डिसेंबर
काटे खिडकीशी. दार उघडत नाही — प्रीसना हाका मारल्या —

ती काचेपाशी आहे. वळते आहे. मान खाली घालून लिहितोय. म्हणते, चादर तेव्हाही नाही उचललीस, अल्बन. आता तरी बघ.

बघतो. एकदाच —

हेस्टर, तुझा चेहरा कुठे —